लोणच्याच्या काचेच्या बरण्या कुरिअरने पाठवताय? मग पॅकिंगची टेस्ट आधी घरीच करून बघा, ती अशी

कैरीचं लोणचं मे महिन्यात घालायचं, ते मुरणार, आणि ऑर्डरी पाठवायला घेईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. म्हणजे जो पुठ्ठ्याचा खोका उन्हाळ्यात घेताना हाताला चांगला कडक लागला होता तोच आता दमट हवेत मऊ पडलेला असतो, आणि आपण मात्र तोच खोका, तेवढाच बबल रॅप आणि तीच ब्राउन टेप वापरत राहतो. मग बरणी फुटते, तेल शेजारच्या पार्सलांना लागतं, आणि पॅकिंग नीट नव्हतं म्हणून भरपाईही मिळत नाही. घरगुती धंदा करणाऱ्या बायका, बचत गट, यांचा एका पार्सलमागचा नफा असतोच किती, एक बरणी फुटली की पुढच्या कित्येक पार्सलांची कमाई त्यात जाते, म्हणून मला हे सगळं नीट सविस्तर लिहावंसं वाटलं.

पहिली गोष्ट, "पाच प्लायचा (म्हणजे पाच कागदी थरांचा) खोका घेतलाय, आता काही होत नाही" हे डोक्यातून काढून टाका. नुसता खोका टेस्ट करून भागत नाही. बरणी, झाकण, आतली गादी, पार्टिशन, खोका, टेप, लेबल असं सगळं मिळून जे पार्सल तयार होतं ते अख्खं, जसं जाणार तसंच, टेस्ट करायचं. भारी खोक्यात दोन बरण्या एकमेकींना टेकल्या असतील तर त्या फुटणारच, आणि साध्या तीन प्लायच्या खोक्यात आतली मांडणी नीट असेल तर त्या सुखरूप पोचतात.

काय काय लागेल

एकाच गठ्ठ्यातले पाच-सहा खोके, विकायला जातात तशाच भरलेल्या बरण्या, मापाची टेप, वजनकाटा, शक्य असेल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा (ऑनलाइन स्वस्तात मिळतो), एक प्लायवूडचा तुकडा, वीस लिटरचे पाण्याचे जार किंवा तांदळाची पोती, मोबाईल आणि एक वही. वही लागतेच, कारण चार दिवसांनी कुठल्या खोक्यात बबलचे किती वेढे होते हे कोणालाच आठवत नाही.

बरणीत लोणच्याऐवजी पाणी भरून टेस्ट करू का असं बरेच जण विचारतात. पाडायच्या टेस्टला चालेल, वजन तेवढंच भरलं तर. गळतीच्या टेस्टला मात्र तेलच हवं, कारण जिथून पाणी येत नाही तिथूनही तेल झिरपतं. गेल्या वर्षीचं उरलेलं लोणचं असेल तर सगळ्यात उत्तम.

आणि टेस्ट सुरू करायच्या आधीच वहीत लिहून ठेवा की पास कशाला म्हणायचं. माझ्या मते काचेला तडा नको, तेलाचा एक थेंबही बाहेर नको, झाकण सैल झालेलं नको, पत्ता वाचता यायला हवा. खोक्याचा कोपरा चेपला तर चालतो, तो चेपण्यासाठीच असतो. हे आधी ठरवलं नाही तर नंतर आपणच आपल्याला सूट देत जातो.

पायरी १: रिकाम्या खोक्याची तपासणी

खोकेवाल्याला फक्त प्लाय विचारू नका, जीएसएम आणि बीएफ विचारा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, कागद फुटायला किती दाब लागतो त्याचा निर्देशांक. दोन्हींचा गुणाकार करून १००० ने भागलं की त्या कागदाची बर्स्टिंग स्ट्रेंग्थ किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये मिळते. सपाट कागदांची पूर्ण धरायची आणि मधल्या नागमोडी कागदाची, म्हणजे फ्लूटची, निम्मी धरायची असा धंद्यातला हिशोब आहे. उदाहरण घ्या, तीन प्लाय, सगळे कागद १५० जीएसएम १८ बीएफ. दोन सपाट कागदांचे ५.४, फ्लूटचे १.३५, एकूण ६.७५. तसलेच कागद वापरून पाच प्लाय केला तर तीन सपाट कागदांचे ८.१ आणि दोन फ्लूटचे २.७, एकूण १०.८. पण पाच प्लायमध्ये हलके १०० जीएसएम १६ बीएफचे कागद घातले तर हाच हिशोब ६.४ वर येतो, म्हणजे चांगल्या तीन प्लायपेक्षाही कमी! जाड दिसतो म्हणून पैसे जास्त दिले आणि फुटण्याच्या बाबतीत हातात काही जास्त आलं नाही.

आता खोकेवाला सांगतो ते खरं आहे का? खोक्यातून बरोबर १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि छोट्या काट्यावर ठेवा. १५० जीएसएमच्या तीन प्लायचा तुकडा पाच ग्रॅमच्या थोडा वर भरायला हवा (दोन सपाट कागदांचे तीन ग्रॅम, फ्लूट नागमोडी असल्यामुळे त्याचे साधारण दोन, वर थोडा डिंक), पाच प्लायचा नऊच्या आसपास. चारच ग्रॅम भरला तर कागद सांगितल्यापेक्षा हलका आहे हे समजून घ्या आणि सरळ विचारा. बीएफ मात्र वजनावरून कळत नाही, त्याला लॅबच लागते.

त्याच तुकड्याचे थर हाताने सोडवून बघा. कागदाचे तंतू फाटत सुटले तर चिकटवण चांगली, स्वच्छ सुटून आले तर डिंक नीट बसलेलाच नाही, असा खोका पावसाळ्यात हमखास उकलतो. मग फ्लूटची दिशा बघा, खोका उभा ठेवल्यावर नळ्या उभ्या असायला हव्यात, वरचं वजन त्याच पेलतात. घडीवर बाहेरचा कागद तडकलाय का तेही बघा. आणि वर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषून डाग पसरला तर पाऊस सुरू असताना तो खोका उघड्या टेम्पोतून पाठवू नका. लॅबमध्ये ह्यालाच कॉब टेस्ट म्हणतात, तिथे ठरावीक वेळात, बहुतेकदा ६० सेकंदांत, एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम पाणी पितो ते मोजतात.

पायरी २: गळती, आणि हिला वेळ द्या

फुटण्याच्या तक्रारी लक्षात राहतात, पण लोणच्यात गळती जास्त त्रास देते. भरलेली बरणी तोंडापाशी आणि बाहेरून पुसून, कोरडी करून, झाकण लावून वर्तमानपत्रावर पूर्ण उलटी ठेवा, दुसरी आडवी, आणि २४ तास हलवू नका. कागदावर तेलाचं कडं उमटलं की नापास. मग ह्याच बरण्या दुपारी उन्हात दोन-तीन तास तशाच उलट्या ठेवा, कारण तेल तापलं की फुगतं, आतली हवाही फुगते, आणि डिलिव्हरीची गाडी उन्हात उभी असते तेव्हा हेच होतं. बरणी काठोकाठ भरू नका, वर थोडी मोकळी जागा ठेवायलाच हवी.

विमानाने जाणाऱ्या पार्सलला अजून एक गोष्ट लागू होते. घाटातून महाबळेश्वरला वर जाताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि महाबळेश्वर जेमतेम साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. विमानाच्या आत हवेचा दाब साधारण २४०० मीटर उंचीवर असतो तितका उतरू शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाऊणपट. आतल्या आणि बाहेरच्या दाबात जो फरक पडतो तेवढ्या जोराने आतली हवा झाकण ढकलते. बरणीसाठी व्हॅक्यूमचा डबा आणि हातपंप मिळतो, त्यात बरणी आडवी ठेवून हवा ओढून अर्धा तास ठेवलं तर झाकणाची परीक्षा होते.

पत्र्याचं फिरकीचं झाकण, ज्याला लग कॅप म्हणतात, ते लावल्यावर दुसऱ्या दिवशी परत घट्ट आहे का बघा, आतली पट्टी बसली की थोडं सैल पडतं. इंडक्शन सील, म्हणजे झाकणाखाली बरणीच्या तोंडावर मशीनने चिकटवलेली फॉइल, मारायचं असेल तर प्लास्टिकचं झाकण लागतं, पत्र्याच्या झाकणावर ते मशीन चालत नाही, झाकणच तापतं. आणि काहीही केलं तरी प्रत्येक बरणी स्वतंत्र जाड पिशवीत बंद करा, म्हणजे एक गळली तरी बाकीच्यांची लेबलं आणि खोका वाचतो. तेल लागलेला पुठ्ठा काही कामाचा राहत नाही.

पायरी ३: आतली मांडणी

नियम दोनच, बरणीला बरणी टेकता कामा नये आणि बरणी खोक्याच्या भिंतीला टेकता कामा नये. सगळ्या बाजूंनी, खाली आणि वरही, साधारण ५ सेंटीमीटर गादी धरून सुरुवात करा.

ही गादी नेमकं काय करते ते समजलं की पुढचं सोपं जातं. ७६ सेंटीमीटरवरून पडलेलं पार्सल जमिनीला टेकताना ताशी १४ किलोमीटरच्या वेगात असतं. गादीने ते २ सेंटीमीटरमध्ये थांबवलं तर बरणीला तिच्या वजनाच्या किमान ३८ पट झटका बसतो, अर्ध्या सेंटीमीटरमध्ये थांबवलं तर १५० पटीच्या वर, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच कारण गादी सुरुवातीपासून सारख्या जोराने अडवत नाही. म्हणजे सगळा खेळ थांबायला किती जागा मिळते त्याचा. म्हणूनच चुरगाळलेली वर्तमानपत्रं मला पसंत नाहीत, ती प्रवासात दबतात आणि दबलेलीच राहतात, मग नेमकं पार्सल पडतं तेव्हा गादी उरलेलीच नसते. मोठ्या फुग्यांचा बबल रॅप, मधमाशीच्या पोळ्यासारखा जाळीचा कागद, पुठ्ठ्याचं क्रॉस पार्टिशन, थर्माकोलचे साचे, ह्यातलं काहीही चालेल, फक्त दाबून सोडल्यावर परत वर येतंय का ते हाताने बघा.

भरून झालं की टेप मारायच्या आधी खोका कानाशी धरून हलवा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर पुढच्या टेस्ट करूच नका, आधी ते भरा.

पायरी ४: हादरे

पाडायच्या आधी हादरे, हा क्रम बदलू नका. पार्सल आधी गाडीत हादरतं, आतलं सगळं खाली बसतं, आणि मग ते पडतं. पॅकिंगच्या टेस्ट ठरवणारी इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन, म्हणजे इस्टा, हिच्या ६८ किलोपर्यंतच्या पार्सलांच्या १ए टेस्टमध्येही आधी हादऱ्यांचं टेबल येतं, २५ मिलिमीटर वर-खाली, एकूण १४,२०० हादरे. सेकंदाला चार धरले तर तास भर चालतं.

आपल्याकडे टेबल नाही, पण रस्ते आहेत. पार्सल टेम्पोच्या किंवा रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर मोकळं ठेवा, बांधू नका, खाली गोणपाट घालू नका, आणि खराब रस्त्याने तासाभराची फेरी होऊ द्या. शेजारी दुसरी पार्सलं ठेवली तर घासण्याचीही परीक्षा होते. परत आल्यावर उघडू नका. फक्त हलवून आवाज ऐका, टेप सुटलीय का बघा, कुठे तेलकट डाग आलाय का बघा, आणि तसंच पुढच्या टेस्टला घ्या.

पायरी ५: पाडणं

आधी खोक्याच्या बाजूंना नंबर द्या, मार्करने. ज्या उभ्या कडेला खोका कारखान्यात जोडलेला असतो ती उजवीकडे येईल असा खोका समोर धरा. वरची बाजू १, उजवी २, खालची ३, डावी ४, आपल्याकडची ५, पलीकडची ६.

उंची वजनावर ठरते. इस्टा १ए मध्ये साडेनऊ किलोपेक्षा कमी असेल तर ७६ सेंटीमीटर, तिथून १९ किलोपर्यंत ६१, २८ पर्यंत ४६, ४५ पर्यंत ३१. लोणच्याची बहुतेक पार्सलं पहिल्या गटात येतात, म्हणजे ७६. हलक्याला उंची जास्त का, तर हलकं पार्सल माणूस उचलून फेकतो, जड असेल तर खालून सरकवतो.

एकूण दहा वेळा पाडायचं. पहिल्यांदा कोपरा, २-३-५ ह्या बाजू जिथे मिळतात तो. मग त्याच कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा, आधी सगळ्यात आखूड, मग मधली, मग लांब. मग सहाही बाजू सपाट, लहान बाजूंपासून मोठ्यांकडे. खाली काँक्रीट किंवा शहाबादी फरशी हवी, अंगणातली माती नको. दोन्ही हातांनी धरून नुसतं सोडायचं, ढकलायचं नाही, आणि कोपऱ्यावर पाडताना खोक्याचा मध्य बरोबर त्या कोपऱ्याच्या वर आहे हे बघायचं, नाहीतर ते कलंडून कडेवर पडतं आणि टेस्ट वाया जाते. कोणाला तरी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा, कुठल्या पडण्याला काय झालं ते नंतर कळतं.

पायात बूट घाला, लहान मुलांना लांब ठेवा, आणि उघडताना प्लास्टिकच्या कागदावर, हातमोजे घालून उघडा. तेलात काचेचे कण दिसत नाहीत. टेस्ट केलेलं लोणचं खाऊ नका, बरणी अख्खी दिसली तरी बारीक तडा असू शकतो.

आता फुटलं तर काय बघायचं? कोपऱ्यावर पाडल्यावर खालची बरणी फुटली तर तळाची गादी कमी पडली. सपाट बाजूवर पाडल्यावर दोन बरण्या समोरासमोर तडकल्या तर पार्टिशन वाकलं. बरणी अख्खी पण झाकण चेपलेलं असेल तर वरची जागा कमी आहे. एका वेळी एकच बदल करा. पार्टिशनही बदललं, बबलही वाढवला आणि खोकाही मोठा घेतला तर कशाने वाचलं ते कधीच कळणार नाही, आणि तिन्हींचा खर्च प्रत्येक पार्सलवर कायमचा बसेल. शिवाय एक पार्सल पास झालं म्हणून थांबू नका, सारखी तीन पार्सलं पास झाली की मग विश्वास ठेवा.

पायरी ६: थप्पी

गोडाऊनमध्ये तुमच्या तीन किलोच्या खोक्यावर काय ठेवतील ते तुमच्या हातात नाही. हिशोब असा करा, २० सेंटीमीटर उंचीचे दहा खोके एकावर एक म्हणजे दोन मीटरची थप्पी, सगळ्यात खालच्यावर नऊ गुणिले तीन, २७ किलो. ह्याला तीन ते पाचने गुणायचं, कारण ओल, दिवसेंदिवस टिकून राहणारा भार आणि वाकडी थप्पी ह्यांनी पुठ्ठा खचत जातो. म्हणजे ८० ते १३५ किलो. खोक्यावर प्लायवूड ठेवून वर पाण्याचे पाच जार ठेवले की १०० झाले, पण ते पडणार नाहीत असं भिंतीशी, दोन्हीकडे आधार देऊन ठेवा. आधी आणि २४ तासांनी चारही कोपऱ्यांची उंची मोजा. खोका किती दबला ह्यापेक्षा महत्त्वाचं हे की भार बरणीच्या झाकणावर आला का.

एज क्रश टेस्टचा, म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून कडेवर दाबला तर किती भार पेलतो त्याचा, लॅबचा आकडा मिळाला तर खोका किती भार पेलेल ते काढायला १९६३ सालचं मॅकीचं सूत्र वापरता येतं (सगळी मापं मीटर आणि न्यूटनमध्ये घ्या): पुठ्ठ्याची जाडी गुणिले खोक्याचा परिघ, त्याचं वर्गमूळ, गुणिले एज क्रश टेस्टचा आकडा, गुणिले ५.८७. जाडी ३ मिलिमीटर, परिघ १ मीटर, एज क्रश मीटरला ४००० न्यूटन असेल तर सुमारे १२९० न्यूटन, म्हणजे १३० किलो येतात. पण हा क्षणभर दाबल्यावरचा आकडा, रोजच्या वापराला तिसरा ते पाचवा हिस्साच धरा.

पायरी ७: पावसाळ्याची परीक्षा

ही टेस्ट बहुतेक कोणी करत नाही आणि आपल्याकडे तीच सगळ्यात गरजेची आहे. हवेत ९० टक्के दमटपणा असला की पुठ्ठ्याचा भार पेलायची ताकद कोरड्या दिवसाच्या जवळपास निम्मी होते. भरलेलं पार्सल रात्रभर बंद बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या बादलीशेजारी, स्टुलावर ठेवा (पाणी लागता कामा नये, फक्त वाफ), आणि सकाळी लगेच थप्पीची आणि पाडायची टेस्ट परत करा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाठवणार असाल तर ह्याच निकालावर खोका ठरवा, मेमध्ये केलेल्या कोरड्या टेस्टवर नको.

टेपही इथेच उघडी पडते. ४८ मिलिमीटरची टेप, वर आणि खाली मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक, अशी लावा, आणि हाताने जोरात घासून बसवा. दमट रात्रीनंतर ओढल्यावर कागदाचे तंतू घेऊन आली तर चांगली. लेबलवर ओलं फडकं दहा वेळा फिरवा, शाई पसरली तर वर पारदर्शक टेप हवी. आणि पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आतही टाका.

खर्चाचं गणित

गादी वाढवली की खोका मोठा होतो आणि कुरिअरचा आकारावरचा दर लागतो. बऱ्याच कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार ५००० ने भागतात, तुमच्या कंपनीचा आकडा विचारून घ्या. ३० बाय २० बाय २० चा खोका २.४ किलोचा धरला जातो, प्रत्येक बाजू फक्त ४ सेंटीमीटरने वाढवली तर ३.९ किलोचा. म्हणून पास झाल्यावर उलट्या दिशेनेही जाऊन बघा, गादी थोडी कमी करून परत टेस्ट करा, जिथे नापास होईल त्याच्या एक पायरी अलीकडे थांबा.

शेवटी खरा प्रवास

घरच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या की लांबच्या नातेवाइकांना तीन-चार पार्सलं पाठवा, एक तरी विमानाने जाईल असं. "काच आहे, सांभाळून" असलं स्टिकर ह्या पार्सलांवर लावू नका, त्याच्याशिवाय पोचायला हवं. उघडायच्या आधी सहाही बाजूंचे फोटो काढून पाठवायला सांगा.

परदेशी माल पाठवायचा असेल किंवा मोठा खरेदीदार रिपोर्ट मागत असेल तर लॅबशिवाय पर्याय नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही १९६६ ची संस्था, तिचं मुख्यालय मुंबईत अंधेरीला आहे, तिथे बर्स्टिंग, कॉब, एज क्रश, थप्पीचा दाब, पाडणं, हादरे ह्या टेस्ट होतात. नमुने नेताना दुमडू नका, पावसात भिजवू नका.

पास झालेल्या गठ्ठ्यातला एक कोरा खोका, एक पार्टिशन आणि तो १० बाय १० चा तुकडा तारीख आणि वजन लिहून कपाटात ठेवा. खोक्यांचा पुढचा गठ्ठा आला की आधी त्यातला तुकडा कापून शेजारी ठेवायचा, वजन कमी भरलं किंवा बरणीचा आकार, झाकण, खोकेवाला ह्यातलं काहीही बदललं की पाडायची आणि दमटपणाची टेस्ट पहिल्यापासून करायची.